जमीरची जागा

दारव्हा, १२ जानेवारी २०२५

श्री. अश्वजित मुनेश्वर,
पांढरकवडा, यांस –

माझी इद्दत संपली. नवऱ्यामागे बाईनं घरात बसायचा काळ पुरा झाला, त्यामुळे आता मी पोस्टात जाऊ शकते. तुमचा नंबर मी फोनमध्ये बंद केला आहे. तो तसाच राहील. जे काही असेल ते लिहून कळवा. बोलताना माझा आवाज चढतो, लिहिताना चढत नाही.

काम एकच आहे. जमीरला दारव्ह्याला आणायचं आहे. इथल्या कब्रस्तानात, त्याच्या अब्बांच्या शेजारी. ही अम्मीची इच्छा आहे. अम्मी म्हणजे माझी सासू हुस्नाबी, जिच्या हातचा शीरखुर्मा तुम्ही दर ईदला दोन वाट्या खात होतात, तीच.

काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे तुम्ही वेगळं काही म्हणणार नाही. पावसाळ्यात शेतातल्या मोटारी बंद असतात, म्हणून जमीरचं मोटार वाइंडिंगचं दुकान थंड असायचं. टिपेश्वरचं जंगल बंद असतं, म्हणून तुम्हा गाइड लोकांना काम नसायचं. त्यामुळे दर पावसाळ्यात तुम्ही दोघं पक्षी बघायला कुठल्या तरी डोंगरात जायचात. गेल्या ऑगस्टात पुन्हा निलगिरीला गेलात, पूर्वी एकदा राहिला होतात त्याच वस्तीत. एका सकाळी धुक्यात चालताना जमीरच्या छातीत कळ आली. दुपारपर्यंत तो गेला. त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, तुम्ही त्याला तिथल्या चहामळ्याच्या वस्तीत दफन करवलंत. आणि मग आम्हाला फोन केलात.

आम्ही त्याचं तोंड पाहिलं नाही. त्याच्या सख्ख्या भावानं त्याला मूठभर माती दिली नाही. 

शब्बीरभाईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, तिथल्या कचेरीत चौकशी केली आहे. दफनाच्या नोंदीत जबाबदार माणूस म्हणून तुमचं नाव आहे. तिथं पुरलेला माणूस जमीरच आहे आणि जागा हीच आहे, असा जबाब तुम्ही दिलात तर पुढचं काम सोपं होईल. तेवढा द्या. दुसरं काही मागत नाही, आणि दुसरं काही नको.

निलोफर जमीर


दारव्हा, १६ फेब्रुवारी

अश्वजित,

चार पानं लिहिलीत आणि शेवटी जबाब द्यायला नकार दिलात. नकार एका ओळीत देता येतो.

तुम्ही लिहिता, "भाभी, अब्बा गेले तवा मी तुमच्याच घरी होतो. तुमची नणंद हैदराबादवरून निघाली होती, तरी कोणी थांबलं नाई. मीच जमीरले म्हटलं, अर्धा दिवस थांबू न बे. तो मले म्हणे, आमच्यात मय्यतले ताटकळत ठेवत नाहीत. मंग त्याच्याच टायमाले मी कायले थांबवतो? मले वाटलं, उशीर केला तर तुमी लोकं म्हणाल, अश्वजितले आपली रीत समजली नाई."

हे वाचून मी पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं आणि शाळेत गेले. नववीला त्रिकोणमिती शिकवली. मधल्या सुटीत पुन्हा वाचलं.

अब्बांच्या वेळी थांबायचं नाही हे घरानं ठरवलं होतं. अम्मी समोर बसली होती, शब्बीरभाई होते, जमीर होता. नणंद तीन वर्षं रागावली आणि तो रागही घरातच राहिला. रीत आमची आहे. पाळायची की मोडायची हे आम्ही बघू. तुम्हाला ती आमच्या वतीनं पाळायला कोणी सांगितलं? तुम्ही त्या दिवशी आमच्यापेक्षा जास्त मुसलमान झालात.

वस्तीत रेंज नव्हती, हे मला मान्य आहे. डोंगरावर देवळापाशी रेंज येते, हे तुम्हीच मागे एकदा आमच्या घरी हसत हसत सांगितलं होतं. जमीर तिथून मला फोन करायचा. तुम्ही देवळापाशी गेला नाहीत. गेला असतात तर मी "थांबा" म्हटलं असतं. आम्ही रात्रीतून निघालो असतो, विमानानं आलो असतो. शब्बीरभाईंनी आयुष्यात विमान पाहिलेलं नाही, ते बसले असते.

जमिनीत ठेवलेल्या माणसाला उकरू नये, असंही तुम्ही लिहिलंत. हे मला शिकवू नका. आम्ही मौलानांना विचारलं. ते म्हणाले, अच्छा नहीं है. मग अम्मीच्या तोंडाकडे बघून ते चहा न घेता गेले.

परवा शबे बरात झाली. घरोघरचे पुरुष कब्रस्तानात जाऊन आपापल्या माणसांसाठी दुआ करतात. बायका घरी हलवा करतात. शब्बीरभाई अब्बांच्या कब्रीवर जाऊन आले आणि दर वर्षीप्रमाणे अम्मीजवळ बसून त्यांनी सांगितलं: गवत काढलं, फुलं टाकली, पायथ्याची माती खचली होती ती भरली. अम्मी दर वर्षी हे मान हलवत ऐकते. यंदा तिनं विचारलं, "और जमीर का?"

शब्बीरभाई उठून हात धुवायला गेले. त्यांनी ते आधीच धुतले होते.

तुमच्या चार पानांत या प्रश्नाचं उत्तर नाही.

निलोफर


दारव्हा, ४ एप्रिल

अश्वजित,

ईदच्या दिवशी तुम्ही आलात ते मी खिडकीतून पाहिलं. नवा शर्ट होता. बेल दोनदा वाजवलीत. अम्मीनं आतून विचारलं, कौन है. मी म्हणाले, वर्गणीवाले आहेत. ती म्हणाली, ईद के दिन भी? आणि पुन्हा पडून राहिली.

पुन्हा येऊ नका. खोटं बोलायची मला सवय नाही आणि तुमच्यासाठी मला ती लावून घ्यायची नाही.

मे महिन्यात शाळेला सुटी लागली की मी आणि शब्बीरभाई निलगिरीला जात आहोत. कचेरीतले साहेब म्हणाले, प्रत्यक्ष या, जबाबाशिवाय काय करता येतं ते बघू. तुम्हाला परवानगी मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. नंतर "मला सांगितलंही नाही" असं तुम्ही म्हणू नये, एवढ्यासाठी आहे. न सांगणं काय असतं हे आमच्या घराला माहीत आहे.

निलोफर


निलगिरी, २० मे

अश्वजित,

पत्ता तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून वर पूर्ण लिहिलेला नाही.

आम्ही पोहोचलो. दारव्ह्याहून निघालो तेव्हा अंगाची लाही होत होती. वर्ध्याहून गाडी, मग बस, मग दुसरी बस. शेवटच्या बसमध्ये शब्बीरभाईंनी आधी पिशवीतून मफलर काढला, मग माझी शाल मागितली. वस्तीत उतरलो तर समोर काही दिसेना. ढग डोंगरावर असतो असं मी समजत होते. इथं तो रस्त्यावर असतो, दुकानात शिरतो, वाळत घातलेल्या कपड्यांमधून जातो.

पहिल्याच संध्याकाळी शब्बीरभाईंच्या पायाला जळू चिकटली. त्यांना रक्त दिसलं तेव्हा ती गळूनही पडली होती, पण त्यांनी सबंध वस्ती गोळा केली. दुसऱ्या दिवशी दोन चिकटल्या. ते मला म्हणाले, "दुल्हन, ये जंगल है के गीला टॉवेल? मेरा भाई यहां आता था, अपनी मर्जी से?" मी हसले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा हसले असेन, आणि ते इथं, म्हणून मला माझाच राग आला.

जागा पाहिली. कब्रस्तान म्हणजे नुसता उतार आहे. कुंपण नाही. वरच्या अंगाला जंगल, खालच्या अंगाला चहा. तुम्ही लावलेला दगड उभा आहे. त्यावर तुम्ही मराठीत लिहून घेतलंत, "पक्षीमित्र जमीर अहमद, दारव्हा, जि. यवतमाळ". इथं मराठी कोणाला येत नाही. कब्रस्तानाची देखभाल मैमूनबी नावाची म्हातारी करते. तिचा नवरा चौकीदार होता, तो गेल्यापासून हे काम तिच्याकडे आहे. ती आमच्या मागे आली आणि मला म्हणाली, "ये पत्थर पे क्या लिखको है, पढ़को बोलो मा. इत्ते दिन से पूछने को कोई नै मिला." मी वाचून दाखवलं. तिनं विचारलं, जि. म्हणजे काय. मी म्हणाले, जिल्हा. पत्रावर घालतात तसं.

पक्षीमित्र. तो मोटारी गुंडाळायचा, अश्वजित. त्याच्या बोटांना वार्निशचा वास यायचा. दगडावर एकच गोष्ट लिहायची होती तर तुम्ही स्वतःला ठाऊक असलेली लिहिलीत.

कचेरीतले साहेब रजेवर आहेत. जूनमध्ये येतील म्हणतात.

निलोफर


निलगिरी, ३ जून

अश्वजित,

शब्बीरभाई परत गेले. त्यांचं बी-खताचं दुकान आहे, आणि जूनमध्ये ते बंद ठेवलं तर गिऱ्हाईक वर्षभर फिरकत नाही. मी राहिले. मैमूनबीच्या घराला एक जास्तीची खोली आहे, तिच्यात. बाई एकटी राहणार म्हटल्यावर शब्बीरभाई फार बेचैन झाले. मैमूनबीनं त्यांना सांगितलं की या वस्तीत सगळ्याच बाया एकट्या आहेत, मर्द लोग नीचे टाऊन में काम पे जाते. ते ऐकून ते आणखी बेचैन झाले, पण बसची वेळ झाली होती.

साहेब अजून आलेले नाहीत. करायला काही नाही, म्हणून मी रोज तीच वाट चालते. वस्तीपासून वर, कब्रस्तानातून, जंगलाच्या तोंडाशी वनखात्याचं फाटक आहे तिथपर्यंत. फाटकाच्या आत माणूस बरोबर घेतल्याशिवाय सोडत नाहीत. एकदा चौकीतल्या माणसाबरोबर गेले. बाकीचे दिवस बाहेर बसते.

जमीर म्हणायचा, एका पावसाळ्याला एक जंगल, आणि एका जंगलात एकच वाट. मला वाटायचं, आळसाला दिलेलं नाव आहे. लोक महाबळेश्वरला जाऊन दोन दिवसांत सगळे पॉइंट बघून येतात, आणि हे दोघं वीस-वीस दिवस जाऊन येतात तर ह्यांना काय पाहिलं ते सांगता येत नाही. मी गणित शिकवते. वर्णन मलाही जमत नाही. पण काही गोष्टी लिहिते, कारण इथं त्या दुसऱ्या कोणाला सांगितल्या तर ते म्हणतात, हो, मग?

झाडं बुटकी आहेत. मला वाटलं होतं जंगल म्हणजे आपल्याकडच्या सागासारखं उंच. ही वाकलेली, गाठी आलेली, आणि प्रत्येकाच्या अंगावर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर आणखी काही. पाऊस नसतो आणि झाडाखाली पाऊस पडत असतो. ढग पानांना लागतो आणि त्याचं पाणी होतं. झाडाच्या बाहेर पाऊल टाकलं की कोरडं. पहिल्यांदा मला वाटलं वर कोणी बसलं आहे.

सुरुवातीला काही दिसलं नाही. नुसतं टपटप आणि धुकं. मग एका जागी बरेच दिवस बसल्यावर जे आधीपासून होतं तेच दिसायला लागलं. तपकिरी डोक्याची काळी वानरं. आपल्याकडच्यांसारखी ती माणसाकडून काही मागत नाहीत. एक नारिंगी-काळा पक्षी, चिमणीहून लहान, माझ्यापासून हाताच्या अंतरावर येऊन बसतो आणि मी नाहीच असं वागतो. त्याचं नाव तुम्हाला माहीत असेल. मला कळवू नका.

काल सकाळी वाटेवर गवा उभा होता. चहाच्या झुडपांत, धुक्यात, आधी नुसता काळा ठिपका, मग शिंगं. पत्ती तोडायला निघालेल्या बायका माझ्यामागे थांबल्या. कोणी ओरडलं नाही, कोणी दगड उचलला नाही. एकीनं पदराच्या गाठीतला विडा काढला, अर्धा मला दिला. तो चरत राहिला, आम्ही उभ्या राहिलो. एक बाई मागून काहीतरी म्हणाली आणि सगळ्या तोंड दाबून हसल्या. मैमूनबीनं मला नंतर अर्थ सांगितला: मुकादमापेक्षा हा बरा, ह्याला तरी पोट भरल्यावर कळतं. गवा गेला तेव्हा आम्ही चाललो.

मला तुम्हाला एक विचारायचं आहे, आणि त्याचं उत्तरही नको. एवढ्या वर्षांत जमीरनं मला सोबत चल म्हटलं होतं, दोनदा. दोन्ही वेळा तुम्ही आमच्या ओसरीवर बसून म्हणालात, "भाभी, जळवा असतात तिथं. तुमचं काम नाई." जमीरनं पुढे आग्रह केला नाही. जळू चावलेली कळतसुद्धा नाही, अश्वजित. हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं.

निलोफर


निलगिरी, १२ जून

अश्वजित,

बकरी ईद इथंच झाली. मैमूनबीनं शेजारून आलेलं मटण मिऱ्याच्या रश्श्यात शिजवलं. सकाळी नमाज झाल्यावर वस्तीतले पुरुष कब्रस्तानात गेले. थोड्या वेळानं बायका गेल्या. मी दारात उभी होते. मैमूनबीनं मला हाक मारली, मी म्हटलं, तुम्ही जा. तिला वाटलं मला बरं नाही.

मी तिला सांगितलं की आमच्या गावात बायका कब्रस्तानात जात नाहीत. ती म्हणाली, इथंही आधीचे लोक तेच सांगायचे. पण मळ्यात जायची वाट कब्रस्तानातूनच आहे. "पत्ती तोड़ने को दूसरा रास्ताइच नै मा. रोज सुबू-शाम इधरिच से जाना. तो कौन किसको मना करता?" ती स्वतः रोज जाता-येता नवऱ्याजवळ थांबते. टोपली खाली ठेवते, काय झालं ते सांगते, मग टोपली उचलते. हे तिनं मला लपवून सांगितलं नाही आणि मोठं करूनही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी साहेब आले. चांगला माणूस निघाला. म्हणाला, त्या मुनेश्वरांचा जबाब नसला तरी चालेल, वस्तीतले लोक ओळख पटवतील, अर्ज करा. म्हणजे तुमच्या नकाराला आता काही किंमत उरली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी देवळापाशी चढून शब्बीरभाईंना फोन केला. त्यांनी सगळी तयारी केली होती. अब्बांच्या उजव्या हाताला जागा मिळाली आहे, कमिटीनं होकार दिला आहे, नागपूरची एक गाडी ठरवता येईल.

मी विचारलं, "भाईजान, मी जागा बघायला केव्हा येऊ?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला.

"तू कायको आएगी दुल्हन?" ते म्हणाले. "मैं हूं ना. मैं जाके देखता, तेरे को बताता."

ते प्रेमानं म्हणाले. त्यांच्या आवाजात काही वाकडं नव्हतं. ते खरंच सांगतील. गवत काढलं, फुलं टाकली, माती भरली. मी आणि अम्मी ऐकू.

मी खाली आले. मैमूनबी दारात पत्तीच्या टोपलीची दोरी बदलत होती. तिला मी साहेब काय म्हणाले ते सांगितलं. तिनं दोरीला गाठ मारली, दातानं ओढली, आणि म्हणाली, "ले जाते तो ले जाव मा, तुमारा आदमी है. मगर उधर तुमे उनके पास जाको बैठ सकते क्या?"

तुम्हाला उत्तर माहीत आहे. तुम्ही अब्बांच्या मय्यतीला कब्रस्तानात गेला होतात. परक्या धर्माचे असून आत गेलात, माती दिलीत. मी त्यांची सून, मी घराच्या दारापर्यंत.

अर्ज मी अजून भरलेला नाही. पण याचा अर्थ तुम्ही बरोबर होतात असा काढू नका. तुम्ही हे माझ्यासाठी केलं नव्हतं. तुम्हाला वाटेचं माहीत नव्हतं, बायकांचं माहीत नव्हतं, तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. चुकून पडलेल्या दगडाला पायरी म्हणत नाहीत.

आता खरी अडचण अम्मीची आहे. तिच्या मुलावर तिचा हक्क माझ्याआधीचा आहे. मी रोज देवळापाशी चढून फोन करते तेव्हा ती एकच विचारते, कब ला रही. मी इथं रोज त्याच्याजवळ बसते, हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिला वाटेल मी त्याला माझ्यासाठी ठेवून घेते आहे. आणि तसं मुळीच नाही असं मला म्हणता येणार नाही.

परवा निघते आहे. सामान भरताना बुटांना हिरवी बुरशी दिसली. दर सप्टेंबरात जमीरचे बूट मी गच्चीवर उन्हात ठेवायचे आणि बडबडायचे, माणूस पाण्यात राहतो की काय.

निलोफर


दारव्हा, १३ जुलै

अश्वजित,

तुमचं कार्ड मिळालं. "काय ठरलं तेवढं कळवा भाभी," असं लिहिलंत. कळवते आहे, पण तुम्ही विचारलं म्हणून नाही.

आल्यावर बरेच दिवस मी अम्मीला काही सांगितलं नाही. शाळा सुरू झाली, मी सकाळी जायचे, दुपारी यायचे. शब्बीरभाईंनी गाडीवाल्याला दोनदा पुढची तारीख दिली. गेल्या रविवारी अम्मीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी ऑटो बोलावला. ऑटोवाला चौकातून सरळ निघाला तर अम्मीनं त्याच्या पाठीवर बोटं वाजवली. "कब्रस्तान के रोड से ले. धीरे ले." तो म्हणाला, अम्मा तो लांबचा पडतो. ती म्हणाली, "तेरे को बोली ना."

भिंत आली तसा ऑटो हळू झाला. भिंत उंच आहे, आतलं काही दिसत नाही. कडुनिंबाचे शेंडे तेवढे दिसतात. अम्मी भिंतीकडे तोंड करून बसली. मी तिच्याबरोबर दवाखान्यात याआधी गेले नव्हते, जमीर न्यायचा. मी विचारलं, दर वेळी इकडून जाता? ती म्हणाली, "तेरे ससरे गये तब से." मग म्हणाली, "अंदर कैसा है, मालूम नहीं. शब्बीर बताता. शब्बीर को बताना आता कहां, उसको खाद का भाव बताना आता."

मी तिथंच बोलले. ऑटोत. ऑटोवाला ऐकत होता, तरी बोलले. सांगितलं की कब्रस्तान उतारावर आहे, भिंत नाही, मळ्याची वाट त्यातून जाते. बाया रोज जातात. मी रोज जात होते. पहिले काही दिवस उभी राहिले, मग बसायला लागले. वरून पाणी टपकतं. समोर वानरं येतात.

भिंत संपून बराच वेळ झाला तेव्हा तिनं विचारलं, "बैठने देते?"

"देते."

"कित्ती देर?"

मी म्हटलं, वाटेल तितका वेळ. पाऊस फार आला तर उठावं लागतं.

डॉक्टरांनी तपासलं. डोळ्यांत औषध घातलं, पाणी वाहत होतं, त्यामुळे ती रडत होती की नाही हे मला सांगता येणार नाही. घरी आल्यावर शब्बीरभाईंना बोलावलं. गाडी वगैरे काही बोलवू नको म्हणाली. ते माझ्याकडे बघायला लागले. तिनं सांगितलं, उसको मत देख, मैं बोल रही. जमीर त्याच्या बापाजवळ असावा असं तिला अजूनही वाटतं, तेही ती म्हणाली. पण बापाजवळ ठेवला तर बाप त्याला बघेल, तिला कसा दिसणार? शब्बीरभाईंना हे पटलं नाही. ते दोन दिवस जेवायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि अम्मीच्या ताटातलं लोणचं उचलून खाल्लं.

तर ठरलं ते हे. जमीर तिथंच राहील. अम्मी तिथं जाणार आहे.

आता पुढचं लिहायला मला जड जातं, म्हणून सरळ लिहिते. अम्मीची अट आहे की तुम्ही सोबत यायचं. मी नको म्हणाले. मी म्हटलं, मी नेते, शब्बीरभाई नेतील. ती म्हणाली, "मेरे बच्चे ने आखिरी पानी उसके हाथ का पिया. शब्बीर ने नहीं पिलाया, तूने नहीं पिलाया. उसको बुला." ईदला वर्गणीवाले कोण आले होते हेही तिनं मला त्याच वेळी सांगितलं. तिला तेव्हाच कळलं होतं. वर्गणीवाले दोनदा बेल वाजवून गप्प उभे राहत नाहीत, म्हणाली.

ऑगस्टात पंधरा तारखेला धरून शाळेला जोडून सुट्या येतात, आणखी रजा मी टाकेन. टिपेश्वर तेव्हा बंदच असेल. वर्ध्याहून गाडी आहे. खालचा बर्थ अम्मीचा. वस्तीत पोहोचल्यावर गुडघ्यांमुळे तिला ती चढण चढता यायची नाही. मैमूनबी मला म्हणाली होती की जमीरला जंगलाच्या फाटकापासून वस्तीपर्यंत तुम्ही एकट्यानं पाठीवर आणलंत, कोणाला हात लावू दिला नाहीत. अम्मीचं वजन त्याच्याहून कमी आहे.

मी तुमच्याशी बोलणार नाही. गाडीत नाही, तिथं नाही. चहा मागवलात तर माझ्यासाठी मागवू नका. दगडावरचं ते पक्षीमित्र मी खोडायला लावणार आहे, त्यावर वाद घालू नका.

अम्मीला त्या सकाळचं सगळं ऐकायचं आहे. तुम्ही किती वाजता निघालात, तो काय खाऊन निघाला होता, काय बोलत होता, कुठे बसला, कळ आल्यावर त्यानं कोणाचं नाव घेतलं का. तिला कमी ऐकू येतं, तेव्हा तिच्या शेजारी बसून मोठ्यानं सांगावं लागेल. काही गाळू नका. मी समोरच्या बर्थवर असेन. मी ऐकत नाही असं समजून सांगा.

निलोफर